बेटांवरचे समुद्रपक्षी आणि परके उंदीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे खाडीवर रोहित आणि कुरव पाहायला येणाऱ्यांना हिवाळ्यात माहिती सांगण्याचे काम आमचा पाच-सहा जणांचा गट करतो. एकदा ऐरोलीला बोटीची वाट पाहत असताना, दक्षिणेकडील काही बेटांवर उंदीर अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्ले जिवंतपणी कुरतडतात, असे ओघात सांगितले गेले. तेव्हापासून या एका विषयावर जेवढे प्रश्न आले तेवढे रोहितांवरही आले नसतील. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, येथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समुद्रपक्षी म्हणजे नेमके कोणते? खाडीवरचे रोहित त्यांत येतात का?

रोहित त्यांत येत नाहीत. ते चिखलात व उथळ पाण्यात चरणारे पक्षी आहेत आणि ठाणे खाडीत ते अंडी घालत नाहीत, केवळ चरायला येतात. ज्यांचे पोट समुद्रावर भरते आणि जे जमिनीवर मुख्यतः विणीपुरते उतरतात, ते समुद्रपक्षी. अल्बाट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर, बूबी, फ्रिगेटबर्ड, नॉडी आणि सुरयांच्या अनेक जाती त्यांत येतात. खाडीपुलाजवळ लोक ज्यांना गाठ्या टाकतात ते कुरव समुद्राकाठी दिसत असले, तरी त्यांतील तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंचावरच्या तलावांकाठी वीण करून हिवाळ्यात येथे येतात. खुल्या समुद्रावरचे पक्षी आपल्याकडे दिसतात ते बहुधा पावसाळ्यात, वादळाने भरकटून, दमून किनाऱ्यावर पडलेले (पाहा प्रश्न १७).

२. मुठीत मावेल एवढा उंदीर एवढ्या मोठ्या पक्ष्याला कसा मारू शकतो?

बहुतेक वेळा तो मोठ्या पक्ष्याला मारत नाही, त्याची अंडी आणि नुकती बाहेर आलेली पिल्ले खातो. पक्षी आकाराने लहान असेल, उदाहरणार्थ स्टॉर्म पेट्रेल, तर घरट्यावर बसलेला प्रौढ पक्षीही वाचत नाही. हे पक्षी जमिनीवर किंवा जमिनीतल्या बिळात घरटे करतात. ज्या बेटांवर हजारो वर्षे जमिनीवरून चालत येणारा शत्रूच नव्हता, तेथे पळण्याची किंवा प्रतिकार करण्याची सवय त्यांच्यात तयारच झालेली नाही.

दक्षिण हिंदी महासागरातील मॅरियन आणि दक्षिण अटलांटिकमधील गॉफ या बेटांवर जे घडते ते याहून विचित्र आहे. तेथे आपल्या स्वयंपाकघरात डब्यांमागे पळणारा तोच छोटा उंदीर रात्री अल्बाट्रॉसच्या पिल्लाच्या पाठीवर किंवा डोक्यावर चढून मांस कुरतडतो. उंदराच्या शेकडो पट वजनाचे ते पिल्लू जागचे हलत नाही. आकाशातून येणाऱ्या स्कुआसारख्या पक्ष्यावर ते चोच आपटते, पण स्वतःच्या पाठीवर काय बसले आहे हे त्याला उमगत नाही. दुसऱ्या रात्री उंदीर त्याच जखमेकडे परततात आणि काही दिवसांत पिल्लू मरते. मॅरियनवर अशा जखमा २००३ मध्ये प्रथम आढळल्या. पुढे प्रौढ पक्ष्यांवरही हल्ले होऊ लागले.

हे नुकसान भरून यायला फार वेळ लागतो. वाँडरिंग अल्बाट्रॉस साधारण दहा वर्षांचा झाल्यावर वीण सुरू करतो आणि त्यानंतरही दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालतो. प्रशांत महासागरातील मिडवे बेटावरील ‘विज्डम’ नावाच्या लेसन अल्बाट्रॉस मादीला १९५६ मध्ये पायात ओळखीची कडी घातली होती, आणि सत्तरी ओलांडल्यावरही तिने अंडे घातले. एवढ्या दीर्घायुषी पक्ष्यांची वसाहत पिल्ले मरत राहिली तरी कित्येक वर्षे भरलेली दिसते. प्रत्यक्षात ती म्हातारी होत असते, आणि हे मोजणी केल्यावाचून कळत नाही.

३. हे उंदीर बेटांवर पोहोचले कसे?

जहाजांतून. कधी मालाच्या पोत्यांतून, कधी बांधलेल्या दोरखंडावरून चालत, कधी जहाज फुटल्यावर. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर १९१८ मध्ये ‘मकांबो’ हे जहाज खडकावर चढले आणि त्यातील काळे उंदीर किनाऱ्यावर उतरले. पुढील काही वर्षांत तेथील पाच जातींचे स्थानिक पक्षी नामशेष झाले. न्यूझीलंडच्या बिग साउथ केप बेटावर १९६०च्या दशकात उंदीर शिरले, तेव्हा एका छोट्या रेन पक्ष्याची, एका पाणलाव्याची आणि एका वटवाघळाची जात डोळ्यांदेखत संपली. सॅडलबॅक हा पक्षी वाचला, कारण वनरक्षकांनी घाईने त्याचे काही पक्षी पकडून दुसऱ्या बेटांवर नेले. त्याआधी, उंदरांमुळे एवढे होणार नाही, असे म्हणणारे तज्ज्ञही होते, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

४. उंदीर स्वतः पोहत बेटावर जाऊ शकतो का?

जातो. तपकिरी उंदीर, म्हणजे नॉर्वे उंदीर, चांगला पोहतो. न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी गळ्यात रेडिओ कॉलर बांधून एकच नर उंदीर मुद्दाम एका उंदीरमुक्त बेटावर सोडला आणि तो पकडायला किती वेळ लागतो हे पाहायचे ठरवले. सापळे, आमिष आणि वास काढणारे कुत्रे यांना त्याने अठरा आठवडे चकवले. मधल्या काळात तो उघड्या समुद्रातून ४०० मीटर पोहून शेजारच्या बेटावर गेला आणि शेवटी तेथे सापडला. डोंगर पोखरून उंदीर काढणे हा वाक्प्रचार आपण फुकट गेलेल्या कष्टांसाठी वापरतो. येथे तो शब्दशः कामाचा भाग होता. किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरच्या आतील बेट कायमचे उंदीरमुक्त ठेवणे म्हणूनच अवघड मानले जाते (पाहा प्रश्न १८).

५. घूस, काळा उंदीर, छोटा उंदीर, चिचुंद्री: यांत फरक करण्याची काय गरज आहे?

गरज आहे, कारण प्रत्येकाची चाल वेगळी असते. काळा उंदीर झाडावर, दोरावर आणि माडाच्या शेंड्यावर सहज चढतो. तपकिरी उंदीर गटारात आणि पाण्यात रमतो. छोटा उंदीर फारच थोड्या जागेत राहतो, त्यामुळे त्याच्यासाठी आमिष अधिक दाट टाकावे लागते. प्रशांत महासागरातील बेटांवर चौथा एक लहान उंदीर आहे, तो पॉलिनेशियन लोकांच्या होड्यांतून शेकडो वर्षांपूर्वी पसरला.

आपल्या गटारांतली घूस या सर्वांहून वेगळी. चिचुंद्री तर कृंतक, म्हणजे उंदीर-खारीसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, गटातलीच नाही. ती कीटक खाणारी आहे, आणि घरातील झुरळे खाते म्हणून पुष्कळ घरांत तिला मारत नाहीत. मात्र मॉरिशस आणि ग्वामसारख्या बेटांवर हीच आपली चिचुंद्री उपद्रवी ठरली, आणि जगातील शंभर सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत काळा उंदीर व छोटा उंदीर यांच्याबरोबर तिचेही नाव आहे. प्राणी वाईट नसतो, चुकीच्या जागी पोहोचलेला असतो.

६. भारतात अशी बेटे आहेत का? आपल्या जवळची कोणती?

आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सिंधुदुर्गात निवती-वेंगुर्ल्यासमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स हा खडकाळ बेटांचा पुंजका आहे, त्यावर दीपगृह आहे. तेथे सुरयांची वीण होते, हे एकोणिसाव्या शतकातील पक्षितज्ज्ञ ह्यूम यांच्यापासून विसाव्या शतकात हुमायून अब्दुलअलींपर्यंत अनेकांनी नोंदवले आहे. तेथील गुहांत पाकोळ्याही घरटी करतात, पण त्या समुद्रपक्षी नव्हेत, आणि त्यांना मुख्य धोका घरट्यांच्या चोरीचा राहिला आहे. लक्षद्वीपमध्ये पिट्टी हे जेमतेम सव्वा हेक्टरचे, झाडझाडोरा नसलेले वाळूचे बेट पक्षी अभयारण्य आहे. सूटी टर्न, नॉडी आणि मोठे तुरेवाले सुरय तेथे दाटीवाटीने अंडी घालतात.

लक्षद्वीपच्या वस्तीच्या बेटांवर काळा उंदीर नारळाचा जुना शत्रू आहे. माडाच्या शेंड्यातच घर करून तो कोवळी फळे पोखरतो आणि एका झाडाच्या झावळीवरून दुसऱ्या झाडावर जातो, जमिनीवर उतरण्याची त्याला गरजही पडत नाही. वस्तीची बेटे आणि पिट्टी यांच्यामध्ये समुद्र आहे, पण होड्याही आहेत. होडीतून गेलेली एक गाभण मादी पुरते: गर्भ तीन आठवड्यांचा, एका वेळी सहा-आठ पिल्ले, आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः विणीला तयार.

७. बेटावर मांजरे किंवा मुंगूस सोडले तर विषाचा प्रश्नच येणार नाही ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. हा प्रयोग होऊन गेला आहे आणि तो महागात पडला आहे. मॅरियन बेटावरील हवामान केंद्रात उंदीर झाले म्हणून १९४९च्या सुमारास पाच मांजरे नेली गेली. १९७०च्या दशकापर्यंत त्यांची संख्या दोन हजारांवर गेली आणि ती वर्षाला लाखो समुद्रपक्षी मारू लागली, कारण बिळातला पेट्रेल पकडणे उंदीर पकडण्यापेक्षा सोपे होते. मांजरे पूर्णपणे हटवायला १९९१ साल उजाडले, आणि उंदीर आजही तेथेच आहेत.

मुंगसाची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे, कारण ते येथूनच गेले. उसातील उंदरांवर उपाय म्हणून १८७२ मध्ये भारतातून मुंगसे जमैकाला नेली आणि तेथून १८८३ मध्ये हवाईला. उंदीर रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पडेना, तेव्हा मुंगसाने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांकडे मोर्चा वळवला. रोगापेक्षा इलाज भयंकर, याचे याहून चोख उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

८. मग उंदीर हटवतात तरी कसे?

आधी दोन शब्दांतला फरक लक्षात घ्यावा, कारण अर्धे प्रश्न तेथेच सुटतात. नियंत्रण म्हणजे संख्या कमी करून ठेवणे. ते कधीच संपत नाही. निर्मूलन म्हणजे शेवटची मादीसुद्धा न उरणे. बेटावर निर्मूलनच करतात, आणि नव्याण्णव टक्के यश म्हणजे तेथे अपयशच, कारण उरलेला एक टक्का दोन-तीन वर्षांत बेट पुन्हा भरून टाकतो.

यासाठी बहुधा ब्रोडिफॅकूम हे रक्त गोठू न देणारे विष धान्याच्या गोळीत दहा लाख भागांत २० ते २५ भाग एवढ्या प्रमाणात मिसळतात. ते शरीरातील ‘के’ जीवनसत्त्वाचे चक्र अडवते आणि परिणाम काही दिवसांनी होतो. हा उशीर महत्त्वाचा आहे. उंदीर नवे अन्न आधी किंचित चाखतो, आणि झिंक फॉस्फाइडसारख्या झटपट विषाने पोटात दुखले की पुन्हा त्या अन्नाला तोंड लावत नाही. आठवड्याने येणाऱ्या अशक्तपणाचा संबंध मात्र त्याला खाल्लेल्या गोळीशी जोडता येत नाही.

लहान बेटावर साधारण पन्नास मीटरच्या चौकटी आखून प्रत्येक ठिकाणी नळीसारखी आमिषपेटी ठेवतात आणि माणसे रोज फिरून कोणती गोळी कुरतडली गेली याची नोंद घेतात. इंग्लंडच्या लंडी बेटावर २००२ ते २००४ मध्ये असेच काम झाले. मोठ्या, कडेकपारींच्या बेटांवर हेलिकॉप्टरला टांगलेल्या बादलीतून गोळ्या विखुरतात आणि उपग्रहाच्या साहाय्याने प्रत्येक पट्टा नकाशावर तपासतात, म्हणजे मध्ये एकाही उंदराच्या फिरण्याएवढी जागा सुटत नाही. वेळ हिवाळ्याची निवडतात. तेव्हा अन्न कमी असते, उंदरांची वीण थांबलेली असते आणि बरेच पक्षी समुद्रावर गेलेले असतात. न्यूझीलंडच्या ११,३०० हेक्टरांच्या कॅम्पबेल बेटावर २००१ मध्ये १२० टन आमिष टाकले, आणि २००३ मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झाले. दक्षिण जॉर्जियात हे काम २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत झाले, कारण हिमनद्यांमुळे बेटाचे वेगवेगळे कप्पे पडले होते. हिमनद्या मागे हटत असल्याने ते कप्पे एकमेकांना जोडले जाण्याआधी काम उरकण्याची घाई होती. २०१८ मध्ये, कुत्र्यांसह सर्व बेट पुन्हा तपासल्यावर, यश जाहीर झाले.

९. हे विष इतर प्राण्यांना मारत नाही का?

मारते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अलास्काजवळील रॅट आयलंडवर २००८ मध्ये उंदीर संपले, पण ४६ बाल्ड ईगल आणि तीनशेहून अधिक कुरवही मेलेले आढळले. गोळ्या खाल्लेले उंदीर व कुरव गरुडांनी खाल्ले होते. बेटावर पक्षी पुन्हा वाढले, २०१२ मध्ये त्याचे जुने अल्यूत नाव हवाडॅक्स त्याला परत मिळाले, आणि त्या मृत्यूंतून पुढील मोहिमांनी धडाही घेतला. तरीही ती किंमत खरीच होती. आता धोक्यातील स्थानिक प्राणी आधी पकडून पिंजऱ्यात ठेवतात, मेलेले उंदीर वेचतात आणि किती पक्षी गमावले जातील याचा अंदाज आधी लिहून ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या अॅनाकापा बेटावर तर काळ्या उंदराबरोबर एक स्थानिक उंदीरही राहत होता; २००१-०२ मध्ये त्या स्थानिक उंदरांना आधी पकडून सांभाळले आणि परके संपल्यावर पुन्हा सोडले.

शहरात याचा अनुभव लहान प्रमाणात येतो. आमच्या गटातील एकाच्या ठाण्यातील इमारतीत पार्किंगच्या कोपऱ्यात एका सकाळी गव्हाणी घुबड पडलेले दिसले, पंख अर्धे पसरलेले आणि चोचीशी सुकलेले रक्त. आठवडाभरापूर्वीच तेथे उंदरांच्या विषाच्या गुलाबी वड्या टाकल्या होत्या. शवविच्छेदन झाले नाही, म्हणून कारण छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्या इमारतीतले सर्वांत स्वस्त आणि विनावेतन उंदीरमार खाते ते घुबडच होते.

१०. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात ही पद्धत तेवढीच चालते का?

तेवढी चालत नाही. आमच्या मते भारतीय बेटांचा विचार करताना याच मुद्द्यावर सर्वांत जास्त थांबायला हवे. थंड बेटावर हिवाळ्यात उंदीर उपाशी असतो. उष्ण बेटावर नारळ, फळे आणि किडे बारमाही मिळतात, त्यामुळे तो गोळीकडे ढुंकून न पाहण्याची शक्यता असते, आणि वीणही वर्षभर चालू असते, म्हणजे बिळातली दूधपिती पिल्ले आमिष संपेपर्यंत बाहेर येतच नाहीत. शिवाय खेकडे. जमिनीवरचे खेकडे गोळ्या फस्त करतात. त्यांचे रक्त आपल्यासारखे गोठत नसल्याने त्यांना सहसा काही होत नाही, पण उंदरांना काही उरत नाही. प्रशांत महासागरातील पामायरा प्रवाळबेटावर २०११ मध्ये हे ओळखून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आमिष टाकले, माडांच्या शेंड्यांतही टाकले, आणि यश आले. त्याच वर्षी हेंडरसन बेटावर मात्र काही उंदीर उरले. २०१२ मध्ये वेक बेटावर दोनपैकी एक जात संपली आणि दुसरी टिकली.

११. एकूण यशाचे प्रमाण किती? मोठी अपयशे कोणती?

उंदीर, मांजरे, शेळ्या असे सर्व परके प्राणी धरून जगातील सुमारे एक हजार बेटांवर पंधराशेहून अधिक प्रयत्न झाले आहेत आणि त्यांपैकी ८८ टक्के यशस्वी ठरले आहेत. छोट्या उंदरांच्या बाबतीत अलीकडची अपयशे बोचतात: गॉफ बेटावर २०२१ मध्ये मोठी मोहीम झाली आणि वर्ष संपण्याआधीच एक उंदीर कॅमेऱ्यात दिसला, मिडवेवर २०२३ मध्येही तसेच घडले. लॉर्ड हाववर २०१९ मध्ये मोहीम झाली, २०२१ मध्ये दोन उंदीर सापडले, तेव्हा कुत्री, सापळे आणि कॅमेरे घेऊन लोक लगेच कामाला लागले. पहिल्या दोघांवर सर्व बळ लावता येते, दोनशेंवर नाही.

१२. उंदीर गेल्यावर पक्षी परत येतात का?

येतात, काही स्वतःहून, काहींना बोलवावे लागते. लंडीवर २००१ मध्ये मँक्स शिअरवॉटरच्या सुमारे तीनशे जोड्या होत्या. २०१७च्या मोजणीत त्या साडेपाच हजारांवर गेल्या. पफिन २००१ मध्ये केवळ १३ उरले होते, २०२३ मध्ये १,३३५ मोजले गेले. कॅम्पबेलवर एक पाणलावा कोणी न आणता शेजारच्या खडकावरून उडत परत आला. जेथे जवळपास वसाहतच उरलेली नाही, तेथे ध्वनिक्षेपकावर रात्रभर त्या पक्ष्यांचे आवाज लावतात आणि लाकडी पक्षी मांडतात, म्हणजे वरून जाणाऱ्या पक्ष्याला येथे वस्ती आहे असे वाटते.

फायदा पाण्याखालीही पोहोचतो. हिंदी महासागरातील चागोस बेटांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदीरमुक्त बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता उंदरांच्या बेटांपेक्षा ७६० पट आढळली, आणि त्यांच्या विष्ठेतून वाहत जाणाऱ्या नत्रामुळे भोवतीच्या प्रवाळावरील माशांचे वजन ४८ टक्क्यांनी अधिक होते. मासेमारीवर जगणाऱ्या बेटाला पक्ष्यांची काळजी का वाटावी, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

१३. उंदीर गणपतीचे वाहन आहे. त्याला असे हजारोंनी मारणे योग्य आहे का?

हा प्रश्न थट्टेवारी नेऊ नये, आम्हीही नेत नाही. विषाने येणारा मृत्यू वेदनादायक असतो. दुसरीकडे काहीच न केल्यास पिल्लांचा तसाच मृत्यू दरवर्षी होत राहतो. एकट्या गॉफवर उंदरांमुळे जाणारी अंडी व पिल्ले वर्षाला दहा लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. एकदाच केलेले निर्मूलन आणि कायम चालणारे मारणे यांत पहिले कमी क्रूर, असे आम्हांला वाटते. यावर आमच्या गटातही एकमत नाही, एक ज्येष्ठ सदस्य अजूनही नाही म्हणतात, आणि त्यांचा आग्रह एवढाच आहे की उंदराबद्दल द्वेषाने बोलू नये. तो आम्ही पाळतो.

१४. बेटावर माणसे राहत असतील तर?

मग काम अर्धे शास्त्राचे आणि अर्धे लोकांचे होते. इंग्लंडच्या सिली बेटांपैकी सेंट अॅग्नेस आणि ग्यू येथे ऐंशीच्या आसपास रहिवासी आहेत; तेथे २०१३-१४च्या हिवाळ्यात मोहीम झाली आणि २०१६ मध्ये बेटे उंदीरमुक्त जाहीर झाली. लोकांनी कचरा बंद डब्यांत ठेवला, कोंबड्यांचे खाद्य झाकले, आणि चॉकलेटचा वास असलेल्या मेणाच्या वड्यांवर दातांचे ठसे दिसतात का हे स्वतः तपासले. एका घराने नकार दिला तरी मोहीम फसते, कारण उंदराला ते एक घर पुरते. लॉर्ड हाववर साडेतीनशे माणसांची वस्ती. तेथे होकार मिळवण्यातच वर्षानुवर्षे गेली.

१५. हीच पद्धत आमच्या सोसायटीत किंवा खाडीकाठी वापरता येईल का? आणि पिंजऱ्यातला उंदीर कांदळवनात सोडला तर?

सोसायटीत निर्मूलन शक्य नाही. ठाणे हे बेट नव्हे. आज रिकामे केलेले गटार उद्या शेजारच्या इमारतीतून भरते. येथे नियंत्रणच करायचे आणि ते कचऱ्यापासून सुरू होते: ओला कचरा रात्री उघडा न ठेवणे, नळ्यांभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवणे, पावसाळी गटारांच्या तोंडाशी जाळी. चिकट सापळे वापरू नयेत, त्यांत पाली, चिमण्या आणि दयाळ अडकून तडफडतात.

सुकट किंवा भजी लावून पकडलेला उंदीर पहाटे खाडीकाठी नेऊन सोडणारे अनेक दयाळू लोक आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, पण कांदळवनात बगळे आणि रातबगळे घरटी करतात. शहराचा उंदीर तेथे नेऊन सोडणे म्हणजे या पानावर वर्णन केलेला प्रकारच लहान प्रमाणात स्वतः करणे होय. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तेथे विष टाकणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे.

१६. आम्ही होडीने पक्ष्यांच्या बेटाजवळ जाणार आहोत. काय काळजी घ्यावी? आणि मोठ्या बंदरांतून उंदीर जात नाहीत का?

आधी परवानगी पाहावी: अभयारण्य घोषित असलेल्या बेटावर वनविभागाच्या परवानगीशिवाय उतरता येत नाही. सुरयांच्या विणीच्या काळात परवानगी असली तरी उतरू नये. माणूस जवळ आला की पक्षी उठतात आणि उघडी पडलेली अंडी उन्हात भाजतात.

उंदरापुरते सांगायचे तर होडी सुटण्याआधी तपासावी, पोहोचल्यावर नव्हे. तांडेलाला विचारून फळ्यांखालची जागा, जाळ्यांचे ढीग, थर्माकोलची खोकी आणि शिध्याची पोती उलटवून पाहावीत. आमच्यातील एकजण करंजाहून अशा फेरीला गेला असताना कोरड्या जाळ्याच्या ढिगात हात घातल्यावर कागदाच्या कपट्यांचे ऊबदार घरटे लागले; पिल्ले नव्हती, पण तांदळाचे दाणे ताजे होते. तांडेल नुसता हसला आणि म्हणाला, “तो आमचा कायमचा खलाशी.” शिधा झाकणाच्या डब्यांत न्यावा, पिशव्यांच्या चेन बंद ठेवाव्यात, रात्री होडी खडकाला बांधून न ठेवता नांगरावर ठेवावी.

मोठ्या जहाजांसाठी नियम आहेत. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार जहाजाकडे स्वच्छतेचे प्रमाणपत्र असावे लागते आणि ते सहा महिने चालते. पूर्वी त्याच्या जागी उंदीरमुक्तीचे प्रमाणपत्र असे. धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल चकत्या बसवलेल्या दिसतात, त्या दोरावरून चालणाऱ्या उंदराला अडवण्यासाठी असतात. न्हावा-शेवासारख्या बंदरावर हे नियम लागू आहेत. लहान होड्यांना ते नाहीत, आणि पक्ष्यांच्या बेटांवर जातात त्या लहान होड्याच.

१७. पावसाळ्यात दमलेला समुद्रपक्षी सापडला तर काय करावे? आणि उंदीर मारण्याबाबत कायदा काय म्हणतो?

पक्ष्याला पुन्हा समुद्रात फेकू नये. तो दमून आला आहे. टॉवेल टाकून उचलावा, छिद्रे पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावा, चोचीत पाणी किंवा मासा कोंबू नये, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बूबीची चोच डोळ्याला लागू शकते, लहान मुलांना दूर ठेवावे.

वन्यजीव संरक्षण कायद्यात (१९७२) पूर्वी उंदीर पाचव्या, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होते. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले. घरातल्या उंदराला त्यामुळे संरक्षण मिळाले असे नाही, पण प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा त्यालाही लागू आहे. अभयारण्यात कोणताही प्राणी मारण्याचा निर्णय वनविभागाचा असतो, हौशी गटाचा नव्हे.

१८. घारापुरीवर असे निर्मूलन करता येईल का?

बोटीतून दिसणारे बेट म्हणून हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. बेट निवडताना तीन गोष्टी पाहतात: प्रत्येक उंदरापर्यंत आमिष पोहोचेल का, उंदीर मरण्याचा वेग त्यांच्या विणीपेक्षा जास्त राहील का, आणि नवे उंदीर येणे थांबवता येईल का. घारापुरीवर तीन गावे आहेत, सोमवार सोडून रोज पर्यटकांच्या बोटी येतात, खाण्याचे स्टॉल आहेत आणि पलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा आहे. तिसऱ्या कसोटीवरच ते नापास होते. शिवाय ज्यांच्यासाठी एवढे करायचे ती समुद्रपक्ष्यांची वसाहतही तेथे नाही. तोच पैसा आणि तीच माणसे कधी मिळालीच, तर ती वेंगुर्ल्याच्या खडकांकडे जाणाऱ्या होड्या निवतीच्या किनाऱ्यावर तपासण्यासाठी लावावीत, असे आम्ही विचारणाऱ्यांना सांगतो.